जीवीबेनने न उच्चारलेला वार

जीवीबेन आहीर आणि प्रस्तुत लेखिका यांची ओळख झांपर गावच्या प्रौढ साक्षरता वर्गात झाली. वारांची नावे मोठ्याने वाचण्याची पाळी आली की जीवीबेन रविवार वाचून थांबत आणि एकदम मंगळवार गाठत. शिकवणाऱ्या बाईंना वाटे, अक्षर अडते. बायका मात्र पदराआड हसत. जीवीबेनच्या जेठांचे, म्हणजे थोरल्या दिरांचे, नाव सोमाभाई. कच्छच्या सुनेने ते नाव जिभेवर आणायचे नसते आणि त्या नावाने सुरू होणारा वारही नाही. जीवीबेन त्याला 'महादेवाचा वार' म्हणत.

गावच्या महिला दूध मंडळीच्या, म्हणजे बायकांच्या दूध सहकारी संस्थेच्या, त्या प्रमुख होत्या. कोणाचे दूध पातळ आले, तर चारचौघींत न बोलता तिला बाजूला नेऊन त्या म्हणत, "बाई, तुझी म्हैस आज तलावात फारच डुंबली वाटतं!" ती बाई लाजे, हसे आणि दुसऱ्या दिवशी चोख दूध आणी. बायकांनी दिलेला हा मान जीवीबेनला प्राणाहून प्रिय होता.

मंडळीची निवडणूक जवळ आली आणि एका सकाळी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर एक चित्रफीत आली. तिच्यात जीवीबेन होत्या. त्यांचाच चेहरा, त्यांचाच किंचित घोगरा आवाज. "वरल्या फळियातल्या बायका दुधात पाणी घालतात. सोमवारपासून त्यांचं दूध परत पाठवा," असे त्या सांगत होत्या.

वरल्या फळियातल्या, म्हणजे वरच्या आळीतल्या, बायका भरल्या किटल्या घेऊन जीवीबेनच्या अंगणात उभ्या राहिल्या. त्यांत जीवीबेनची धाकटी जाऊ पुरीही होती.

"हे मी बोललेच नाही गं," जीवीबेन म्हणाल्या. मग त्यांना एकाएकी आशा वाटली. "नीट ऐका की! मी महादेवाचा वार म्हणते. यातली बाई काय म्हणतेय?"

त्यांच्यातली लाखीमासी पुढे आली.

"म्हणजे जेठाचंही नाव घेतलंस? वर्गात जाऊन चांगलंच वाचायला शिकलीस, बेन! खुर्ची मिळाली, आता लाज कशाला हवी?"

बायका हसल्या. ज्या शब्दावर जीवीबेनने भिस्त ठेवली होती, त्याच शब्दाने त्यांच्यावर दुसरा आरोप आला. त्यांनी पुरीकडे पाहिले. घरे वेगळी होईपर्यंत एका चुलीवर दोघींनी इतकी वर्षे भाकरी केली होती. पुरीनेही तो वार कधी उच्चारला नव्हता. पुरीने किटली उचलली आणि मान वळवली.

जीवीबेनने त्याच दिवशी प्रमुखपद सोडले. जेठ ओसरीवर बसलेले असले, की त्या मागच्या दाराने ये-जा करू लागल्या. जेठांनी कधी विचारले नाही आणि जीवीबेनलाही सांगता आले नाही. वर्गाला येणे थांबले. दूध घालायला त्या सुनेला पाठवीत.

पावसाळा सरल्यावर दुसरी चित्रफीत आली. तिच्यात पुरी होती. आदल्या दिवशी मंडळीच्या दारात उभी राहून ती लाखीमासीला चोर म्हणत असल्याचे दिसत होते. खरी पुरी त्या वेळी माहेरी होती, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. मग दूध संघाचे एक साहेब आले आणि त्यांनी समजावले, की कोणाचाही चेहरा आणि आवाज उसना घेऊन संगणकावर खोटा माणूस उभा करता येतो, यालाच डीपफेक म्हणतात. दोन्ही चित्रफिती कोणी केल्या, ते मात्र कळले नाही.

पुरी जीवीबेनच्या ओसरीवर येऊन बसली. बराच वेळ ती बांगड्या फिरवीत राहिली.

"भाभी, तो वार कानावर पडला तेव्हाच मला कळलं होतं. पण पाण्याचं बोलणं इतकं झोंबलं, की..."

"चहा घे."

"परत ये ना मंडळीत. सगळ्या म्हणतात."

"नको गं. आता मी पातळ दुधाचं कोणाच्या कानात सांगितलं, तरी ती मोबाइल काढून बघेल, खरंच मी आहे का."

पुरी रडू लागली. जीवीबेनने तिच्यापुढे बशी सरकवली आणि एवढेच म्हटले,

"माझ्याबद्दल काही दिसलं, काही ऐकलं, तर आधी माझ्याकडे ये. मला विचार."