सोळा वर्षांवरच्यांसाठी

गारखेड्यातल्या एका शाळेत मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल हा शब्द फक्त पगारपत्रकावर. शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे 'लायब्ररीवाल्या मॅडम' म्हणतात, आणि दोन खोल्यांतल्या अकरा कपाटांपलीकडे माझी सत्ता कधीच चालली नाही. गेल्या वर्षी तीही गेली.

झालं असं, की एका पालकानं आमच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. वयात येणाऱ्या मुलीच्या शरीराची माहिती होती, चित्रासकट. संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. दुसऱ्या दिवशी समिती नेमली गेली: मुख्याध्यापिका, पालकांचे प्रतिनिधी म्हणून चिकलठाण्याच्या एका कारखान्यातले साहेब, आणि मी. प्रत्येक पुस्तक कोणत्या वयासाठी ते ठरवायचं आणि त्याच्या पाठीवर रंगीत टिकली चिकटवायची. हिरवी सगळ्यांना, पिवळी आठवीच्या पुढे, लाल सोळा वर्षांवरच्यांना. आमची शाळा दहावीपर्यंतच. म्हणजे लाल टिकलीचं पुस्तक जवळजवळ कुणालाच मिळणार नाही, हे लक्षात आलं तेव्हा मला चक्क हसू आलं होतं.

साहेबांनी घरून शब्दांची यादी करून आणली होती. प्रेम, लग्न, पाळी, दारू, आणखी बरेच. ते पुस्तक मध्येच कुठेतरी उघडायचे, चार ओळींवरून बोट फिरवायचे, यादीतला शब्द दिसला की टिकली. दारूबंदीवरच्या बालनाट्याला 'दारू'साठी लाल लागली. मी कुरकुरले की म्हणायचे, "मॅडम, आपण रिस्क कशाला घ्यायची?" माणूस वाईट नव्हता. चहा आला की पहिला कप माझ्याकडे सरकवायचा. असल्या सज्जन माणसाशी धड भांडताही येत नाही.

तपासणीसाठी मुलांकडची सगळी पुस्तकं परत मागवली होती. नववीतली एक मुलगी एक पातळशी कादंबरी घेऊन आली. तिचं घर लासूर स्टेशनजवळच्या खेड्यात, शाळेसाठी इथं चुलत्यांकडे राहायची. मधल्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत उरकून माझ्याकडे येऊन बसणाऱ्यांतली. म्हणाली, "मॅडम, थोडीच पानं राहिलीत. उद्या देते की." मी म्हटलं, उद्या चालणार नाही. तिनं पुस्तक ठेवलं, पण हात काढेना. "ह्यातल्या पोरीचं बी लग्न लावायलेत, मॅडम. माझ्या ताईचं नववीतच लावलं." मी घाईत होते. तपासून झालं की पहिलं तुलाच देईन, असं म्हणून तिला वर्गात पिटाळलं.

त्या कादंबरीत 'लग्न' पहिल्याच पानावर होतं. साहेबांनी लाल टिकली सोलायला घेतली आणि माझं डोकं तापलं. आमच्याकडे अजून पुस्तकाच्या शेवटी कागदी खिसा असतो आणि त्यात कार्ड. पुस्तक कुणी नेलं, तेव्हा ती कितवीत होती, सगळं माझ्या अक्षरात. एकवीस वर्षांत एकही रकाना मी कोरा सोडलेला नाही, याचा मला भारी अभिमान. ते कार्ड काढून मी टेबलावर आपटलं. "बघा! सातवी, आठवी, नववी. एवढ्या मुलींनी वाचलंय. कुणाचं काय बिघडलं?"

साहेबांनी चष्मा लावला आणि नावं खालून वर वाचली. "म्हणजे एवढ्या मुलींच्या हातात हे गेलंय?" मग मुख्याध्यापिकेकडे वळून म्हणाले, "यातल्या आत्ता शाळेत कोण कोण आहेत? घरी कळवायला हवं." मुख्याध्यापिकेनं मान हलवली. मी कार्ड ओढून घ्यायला हात पुढे केला, तोवर त्यांनी मोबाइलवर फोटोसुद्धा काढला होता.

तिघींच्या घरी निरोप गेला. दोघींच्या आया आल्या आणि ऐकून गेल्या. एक तर जिना उतरताना हसत होती. तिसरा त्या मुलीचा बाप. चप्पल दाराबाहेर काढून आत आला आणि बसा म्हटलं तरी बसला नाही. तुमची मुलगी वयाला न शोभणारं वाचते, एवढंच त्याला सांगण्यात आलं. त्यानं पुस्तक बघायलाही मागितलं नाही. "शहरात ठिवली तवाच भावकी म्हणायलती," असं म्हणून मान खाली घालून गेला. मी तिथंच बसले होते. ते पुस्तक कशाबद्दल आहे, ते मला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण मुख्याध्यापिकेसमोर पुन्हा तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

तीन आठवड्यांनी तो दाखला काढायला आला. दाखल्याआधी माझी सही लागते, मुलीकडे लायब्ररीचं पुस्तक राहिलेलं नाही म्हणून. मुलगी त्याच्या मागं उभी होती, अंगावर युनिफॉर्म नव्हता.

"वर्षाच्या मध्येच का काढताय?" मी विचारलं.

"पाव्हणे यायलेत तिला बघायला. करा की सही मॅडम, लासूरची गाडी चुकंल."

मला सही अडवता आली असती. कागद दडवता आला असता, आरडाओरडा करता आला असता. असल्या वेळी फोन करायचा नंबर आमच्याच व्हरांड्यात भिंतीवर रंगवलेला आहे, मी रोज त्याच्यासमोरून जाते. मी समोर पडलेलं पेन शोधत बसले. मग सापडल्यासारखं करून सही केली. दिवाळीच्या आत तिचं लग्न झालं, हे पुढे तिच्या मैत्रिणींकडून कळलं. ते आधीच ठरलेलं असेल, असं मी स्वतःला सांगत असते. मला ते पटत नाही.

बाप कागदाची घडी घालत होता, तेवढ्यात ती टेबलाजवळ आली.

"मॅडम, शेवटी काय होतं हो तिचं?"

मला शेवट तोंडपाठ होता. ती मुलगी शाळेतल्या एका बाईंना सगळं सांगते, आणि त्या बाई हळदीच्या दिवशी तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात, लग्न मोडेपर्यंत हलत नाहीत.

बापानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"आठवत नाही गं," मी म्हणाले.