सिस्टर सिग्नेचा आवाज

सिस्टर सिग्ने हाल्वोर्सन बोलायची तेव्हा आधी नाकातून एक बारीक श्वास घ्यायची, मग एकेक शब्द ट्रेमध्ये सुया मांडाव्यात तसा मांडायची आणि शेवटी ‘नाही का?’ चिकटवायची. ‘बटाटे कच्चे आहेत, नाही का?’ मला तिची नक्कल चार दिवसांत जमली. बोर्डिंगच्या मालकीणबाई मिसेस डुगन यांची त्याआधीच जमली होती. पण त्यांची तर शेजारचा पोपटही करायचा.

हे अडतीस सालचं. हॉलीवूडच्या त्या बोर्डिंगात जो तो कुठल्या ना कुठल्या स्टुडिओत कामाला. माझी आई कपडेपटात शिवायची. सिस्टर मात्र लॉन्ड्रीत इस्त्री करायची. साठी उलटलेली, हात भाजून लाल झालेले, पाठ ताठ.

“तुम्ही नर्स ना? मग इस्त्री का?” मी एकदा विचारलंच.

“मिनेसोटात डॉक्टर थॉर्नबरींच्या हाताखाली अकरा वर्षं होते,” ती म्हणाली. “उले नावाचा सहा वर्षांचा मुलगा होता. न्यूमोनिया. डॉक्टरांनी तक्त्यावर झोपेच्या औषधाचे वीस थेंब लिहिले. मी दोनदा विचारलं, एवढ्याशा पोराला वीस? म्हणाले, लिहिलंय ते द्या. दिले. सकाळी तो उठला नाही. आणि चौकशीच्या दिवशी तक्त्यातलं ते पान नव्हतं, नाही का?”

त्यानंतर तिला कुठल्याच इस्पितळाने उभं केलं नाही. डॉक्टर मात्र मोठे झाले, पुतळा होऊन मेले, आणि आता त्यांच्या आयुष्यावर सिनेमा निघत होता. निर्माते मिस्टर क्रेल यांनी सल्ल्यासाठी सिस्टरला शोधून काढलं. त्या काळचं इस्पितळ पाहिलेली ती एकटीच उरली होती.

“उलेचा प्रसंग घ्याल तर करारावर सही करते,” ती म्हणाली.

“अहो सिस्टर, तो तर सिनेमाचा प्राण!” क्रेल छातीवर हात ठेवून बोलायचे. “माणूस चुकतो तिथंच मोठा दिसतो.”

त्या दिवसापासून ती लॉन्ड्रीतून थेट स्टुडिओत जायची, नर्सचं काम करणाऱ्या नटीला थेंब मोजायला, चादर ओढायला, अगदी श्वास घेऊन बोलायलाही शिकवायची. प्रसंग ठरल्याप्रमाणे चित्रित झाला. डॉक्टर झालेला नट म्हणाला, ‘वीस मीच लिहिले होते, सिस्टर,’ आणि मान खाली घातली. त्या रात्री सिस्टरने दोनदा बटाटे घेतले.

“उलेची आई अजून आहे, मिनेसोटात,” ती मला म्हणाली. “दर शनिवारी सिनेमाला जाते. मला रस्त्यात पाहिलं की ती पलीकडच्या बाजूला जायची. आता तिला कळेल.”

मग जवळच्या ग्लेंडेलमधल्या एका थिएटरात आधी जाहीर न करता सिनेमा दाखवला गेला आणि प्रेक्षकांना मतं लिहायला कार्डं वाटली. हा इथला रिवाजच. ‘रडू आलं, पण एवढा देवमाणूस चुकलेला बघवत नाही.’ ‘डॉक्टर चुकतो तर सिनेमा कशाला काढला?’ अशी शेकड्यांनी कार्डं आली.

हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की सिस्टरला मोटारीतून सोडायला आलेले क्रेल दारात थबकून मी केलेली सिस्टरची नक्कल ऐकत होते. सिस्टर जिन्यावर होती, मी टेबलाशी, आणि सगळे पोट धरून हसत होते.

“पोरी, सोमवारी स्टुडिओत ये,” ते हळूच म्हणाले.

नटी दुसऱ्या सिनेमासाठी हवाईला गेली होती. पडद्यावर नर्सची पाठ दिसते, तिथं फक्त एक वाक्य भरायचं होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘चूक माझी झाली, डॉक्टर.’

“पण चूक तर डॉक्टरांची ना?” मी म्हटलं.

“तू खटला चालवायला आलीस की आवाज द्यायला?”

मी आवाज दिला. आणि खरं सांगते, फार झकास दिला. ‘चूक’च्या आधी तोच बारीक श्वास घेतला. माईकवाल्याने अंगठा वर केला, तेव्हा मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं. डॉक्टरांचं वाक्य कापलं होतं. आता त्यांची तीच खाली गेलेली मान नर्सला क्षमा करत होती.

पहिल्या खेळाला सिस्टरने मला शेजारी बसवलं. ती पाठ आली, तो श्वास आला, वाक्य आलं. मागे कोणीतरी नाक शिंकरलं. सिस्टरने माझ्याकडे मान वळवली नाही. नुसता माझ्या मनगटावरचा हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने क्रेलना फोन केला. ते म्हणाले, सही केलेल्या कागदात प्रसंग घेण्याचं होतं, कसा घ्यायचा ते नव्हतं.

रविवारी जेवताना मिसेस डुगन चेकाळल्या. “अगं, ते म्हण ना, सिनेमातलं! सगळ्यांना ऐकव!”

सिस्टरने कोबीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

“म्हण,” ती म्हणाली. “पण मी खरं म्हटलं होतं ते. एवढ्याशा पोराला वीस?”

मी म्हटलं. श्वास चुकला, आवाज माझाच आला.

“हे नाहीये गं सिनेमात,” मिसेस डुगन म्हणाल्या.

“शनिवारी मिनेसोटात लागतोय,” सिस्टर म्हणाली आणि कोबी वाढून घेतला.