स्टार्टरचा ऑटो आणि माझा पेपर

नऊ जून. काम एकच होतं, संगणकाचं अपडेट पूर्ण करणं. दुसऱ्या दिवशी सकाळी बी.ए.चा माझा शेवटचा पेपर घरून ऑनलाइन द्यायचा होता आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर म्हणत होतं, आधी सिस्टीम अपडेट करा, मगच आत या. मोबाईल चालणार नव्हता. पेपर हुकला की वर्ष गेलं, आणि पन्नाशीच्या तोंडावर आणखी एक वर्ष मागणी-पुरवठ्याचे आलेख काढायची माझी तयारी नव्हती.

आमची वस्ती जळकोटच्या पुढं, हमरस्त्यापासून आत. संगणक लेकीच्या कॉलेजच्या वेळचा. ती नोकरीला गेली आणि तो माझ्या वाट्याला आला. आठवडाभर तो चालता चालता एकदम काळा पडायचा आणि आपणहून पुन्हा सुरू व्हायचा. व्हायरस असेल म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ बघत सगळं पुसून सिस्टीम नव्यानं टाकली. फोटो आधी पेनड्राइव्हवर काढून घेतले, तेवढी अक्कल होती. पडदा चकाचक झाला. मग अपडेट लावलं, ते अर्ध्यावर आलं आणि संगणक पुन्हा काळा. उठला तो ‘बदल रद्द करत आहे, संगणक बंद करू नका’ असं मलाच बजावत. जसा काही मीच बंद केला होता.

जळकोटातल्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

“ताई, रॅम काढा, खोडरबरनं घासा, परत बसवा.”

“आणि त्यानं नाही झालं तर?”

“मग घेऊन या. मी पण खोडरबरनंच घासणार हाय.”

घासली. सायकलच्या पंपानं धूळही उडवली. आतून पालीचं वाळकं शेपूट निघालं, पण फरक काही पडला नाही.

पुन्हा अपडेट लावून मी दारात शेंगा फोडत बसले, नजर पडद्यावर. पडदा काळा झाला आणि त्याच वेळी अंगणातल्या हौदावरचा पाइप खोकला, पाणी पडायला लागलं. मी शेंगांची पाटी बाजूला सारली.

आमच्या घराची वायर विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीतूनच ओढलेली आहे. शेतीची थ्री-फेज लाइट त्या आठवड्यात दिवसा होती, तीही सारखी जा-ये करणारी. ती गेली तरी घरातला बल्ब चालू राहतो. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी स्टार्टरला ऑटो बसवून घेतलेला. लाइट आली की मोटर आपोआप चालू. मोटर उचलताना घरातला बल्ब क्षणभर मिणमिणतो. आम्ही त्याला ‘मोटर लागली’ एवढंच म्हणत आलो. संगणक पडायला तेवढा क्षण पुरत होता. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली, त्याच्यावर मी फुलदाणी ठेवते.

सासरे ओट्यावर बसले होते.

“मामा, तुमची मोटर माझा संगणक पाडती.”

“मोटर हिरीवर, तुझं डबडं घरात. मधी आख्खा ऊस उभा हाय. चालत येती व्हय?”

“तुम्ही पडद्यासमोर बसा. मी मोटर बंद करून चालू करते.”

“बसतो. पण माझ्या मोटरीला नावं ठिवायची न्हाईत.”

मी विहिरीवर गेले, लाल बटण दाबलं, मग हिरवं. घराकडून आवाज आला, “गेलं गं गेलं! म्या हात बी न्हाय लावला!”

परत आले तर ते खुर्चीतून उठून भिंतीला टेकून उभे होते.

“ऑटो आज आणि उद्या बंद,” मी म्हटलं.

“आन् बटण कुणी दाबायचं? माझ्या गुडघ्यानी? दिवसाची लाइट उद्यापत्तूरच हाय. ऊस तसाच ऱ्हाईल.”

“पेपर संपला की मी दाबते.”

“अन् न्हाय संपला तर?”

“संपतोच. वेळ झाली की सॉफ्टवेअरच हाकलून देतं.”

ऑटो बंद केला. दिवेलागणीच्या आत अपडेट पूर्ण झालं. सासऱ्यांनी चहा पिता पिता विचारलं, “झाली का पास?”

“संगणक झाला. मी राहिले.”

सकाळी पेपर सुरू झाला आणि थोड्या वेळात थ्री-फेज आली. सासरे दारात येऊन उभे राहिले. “लई झ्याक लाइट आलीया,” ते म्हणाले. पडद्यावर लगेच तांबडी सूचना: खोलीत दुसरी व्यक्ती दिसत आहे. तोंड उघडलं असतं तर तीही तक्रार झाली असती. मी नजर पडद्यावर ठेवून टेबलाखालून हातानं ‘जा, जा’ केलं. सासऱ्यांना असा हात मी कधी केला नव्हता. ते गेले, पण ओट्यावर त्यांचं खाकरणं चालू राहिलं. एका आलेखात मी मागणीची रेषा उलटी काढली, ती पुसून पुन्हा काढली.

उत्तरं जमा झाल्याची खूण आली. मी संगणक बंद करायलाही थांबले नाही. चपला घातल्या, उसाच्या बांधानं विहीर गाठली आणि हिरवं बटण दाबलं.

घराकडून हाक आली, “तुझं डबडं गेलं बघ!”

“जाऊ द्या,” मी ओरडले, आणि पाणी कोणत्या सरीत चाललंय ते बघायला उसात शिरले.