कोटातला म्हस्कू

वजीरच्या दुकानात एकच कोट होता, आणि जुन्नर तालुक्यातल्या किती तरण्या पोरांच्या अंगावर तो चढून गेला होता, हे त्या कोटालाच ठाऊक. काळा, गळाबंद, पाठीत उसवलेला. फोटोत पाठ कुठे दिसते? बारीक पोराला वजीर तो मागून टाचण्या मारून आवळी, आडदांडाला तसाच उघडा सोडी. शेजारी वेताची खुर्ची, मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा. वजीरचे घराणे हातकागद बनवणारे. गिरणीच्या कागदाने त्या धंद्याचे कंबरडे मोडले, तेव्हा हा पठ्ठ्या पुण्याला जाऊन फोटो काढायला शिकला आणि जुन्नरच्या पेठेत दुकान थाटून बसला.

गिऱ्हाईक त्याने बरोबर ओळखले होते. तरण्या माणसाला आहोत तसे दिसायचे नसते, होणार आहोत तसे दिसायचे असते. म्हणून ज्या काचेवरून फोटो छापायचा, तिच्यावर बारीक पेन्सिल फिरवून तो गालाचे खड्डे बुजवी, वण पुसे, कपाळावरची काळजी नाहीशी करी. "आपल्या हातून भित्रा माणूस बाहेर पडत नाही," असे छाती काढून सांगे. होताच जरा गर्विष्ठ, पण कामाला चोख.

लढाईची भरती सुरू झाली तशी त्याची चलती झाली. पलटणीत चाललेली पोरे घरी ठेवायला फोटो काढून घेत. निमगाव साव्याचा म्हस्कू त्यांतलाच. मेंढरांमागे वाढलेले पोर कोट चढवून खुर्चीत बसले आणि थेट मामलेदार दिसू लागले. फोटो हातात पडताच उड्या मारत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडले न उघडले, तोच त्याची आई म्हाळसाबाई दारात उभी. मागे मान खाली घालून म्हस्कू. तिने पदराखालून फोटो काढून वजीरसमोर धरला.

"भाऊ, ह्यो माझा न्हाई. बदलून द्या."

वजीरने फोटो निरखून पाहिला. "मावशी, हा तुमचाच म्हस्कू की!"

"ह्यो कुना साहेबाचा हाय. माझ्या पोराच्या गालावर मेंढ्यानं शिंग मारल्याला वण हाय, त्यो कुठाय? उद्या पोर पलटणीत जानार. मंग मी तोंड कुनाचं बघू?"

वजीरला ते झोंबले. याच सफाईसाठी लोक लांबून येत, आणि ही बाई तिलाच नावे ठेवत होती.

"आये, चांगला दिसतोय की मी," म्हस्कू पुटपुटला. "गावात दाखव, म्हनावं पोरगा साहेब झाला."

"साहेब हून ये, मंग साहेबाचा काढू. आता जो चाललाय, त्यो मला दे."

वजीरने राजवाड्याचा पडदा गुंडाळला. म्हस्कू खांद्यावर घोंगडी टाकून साध्या भिंतीपुढे उभा राहिला, आणि कोटाविना एकदम लहान दिसू लागला. "हलू नको," म्हणत वजीरने कॅमेऱ्याचे टोपण काढले. नेमकी तेव्हाच पोराची हनुवटी थरथरली.

उन्हे कलता कलता फोटो तयार झाला. वण होता. डोळ्यांतली भीती लख्ख होती. हनुवटी तेवढी बोटाने फासल्यासारखी पुसट आली होती. वजीरला शरम वाटली. असला फोटो त्याच्या दुकानातून कधी गेला नव्हता. त्याने पेन्सिल उचलली.

"थांबा मावशी, काचेवर जरा हात फिरवून दुसरा काढून देतो."

"द्या वजीरभाई," म्हस्कू घाईने म्हणाला. "लई भ्यालेला दिसतोय मी."

म्हाळसाबाईने फोटो हातातून सुटू दिला नाही.

"भ्यालाय म्हनून तर मला हवा. धीट पोराला आय कशाला लागती?"

म्हस्कू पायरीवर बसला. भरतीत नाव दिल्यापासून जे त्याने कुणापाशी काढले नव्हते, ते त्याच्या तोंडून निघाले. "आये, मला भ्या वाटतंय गं."

वजीरने पेन्सिल खाली ठेवली. म्हाळसाबाई लेकाशेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"वाटू दे की," ती म्हणाली. "भीत भीत जा, पर ये."