जोडीतला जड गडी

पेडगावात माझ्या जोडीदाराची पिठाची गिरणी आहे. सोमवारी सकाळी मी दळण घेऊन जातो, तेव्हा तो ताठ पाय समोर पसरून, स्टुलावर बसून, मोबाइलवर अमेरिकेचा फुटबॉल बघत असतो. नावाला फुटबॉल, चेंडू काखेत मारायचा आणि माणसांच्या भिंतीत डोकं घालायचं. नियम आम्हाला आजही कळत नाहीत. पण संघात असे घुसणारे दोघे असतात, बहुतेकदा एक जड आणि एक चपळ, हे पहिल्याच दिवशी कळलं. गावच्या कबड्डी संघात आम्ही दोघं तेच होतो.

मग कुणाची जोडी भारी, यावर आमची भांडणं सुरू झाली. मला निळ्या कपड्यांतले आवडतात, दोघंही चपळ. त्याला हिरवे. त्यांचा जड गडी अर्धा सामना नुसता मार खातो, बरगड्यांत खांदे घेतो, समोरच्यांना खिळखिळं करतो. ते दमले की चपळ गडी सुटतो आणि टाळ्या घेतो. "तू असाच व्हतास," तो म्हणतो. खोटं नाही. आमच्यातही आधी चढाईला तोच जायचा. चार-चार जण मांड्यांना चिकटायचे, कोपर तोंडावर बसायचं, रक्त थुंकून हा पुन्हा उभा. मीही काही संत नव्हतो. सुटताना माझी टाच कुणाच्या दातांवर बसली की मला बरंच वाटायचं.

मानवतच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई उरली होती. गुण बरोबरीत, पाळी माझी. त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्यानं सकाळीच एकाचा घोटा मोडला होता. मी घाबरलो. पाय धरून खाली बसलो आणि म्हणालो, "मुरगळला."

माझ्या जागी हा गेला. तिघांनी धरलं, कोपऱ्यातल्यानं गुडघ्यावर उडी घातली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. तरी तिघांना ओढत त्यानं मधल्या रेषेला हात लावला. आम्ही जिंकलो. पायाला बांबू बांधून त्याला टेम्पोत घातलं, आणि मी ढाल डोक्यावर घेऊन हलगीवर नाचलो. तो गुडघा पुन्हा वाकला नाही.

परवा मोबाइलवर हिरव्यांचा जड गडी पडला, उठलाच नाही. चपळ गडी बाजूला पाणी पीत उभा. माझं डोकंच फिरलं. "ह्या भाडखाऊला बघ! जोडीदार मरायलाय, अन् हा पाणी प्यायलाय!"

त्यानं गिरणी बंद केली.

"त्या दिवशी तुझा कोणता पाय मुरगळला व्हता रं?"

"डावा," मी म्हणालो.

"टेम्पोतून बघायलो व्हतो मी. लय भारी नाचलास." त्यानं माझा पिठाचा डबा पुढं सरकवला. "डाव्यावरच."