मंगळवारचं पाणी

टीव्हीवर सासूबाईंचं बोलणं चाललं होतं, आवाज मात्र बातम्या देणाऱ्या मुलीचा होता. सासूबाई माझ्या शेजारी वाल सोलत बसल्या होत्या. "मंगळवार आमचा पाण्याचा वार, म्हणून मी पहाटे विहिरीवर गेले," असं ती मुलगी म्हणाली आणि त्यांचे हात थांबले. शब्द त्यांचेच होते. त्यांनी पोलिसांना दिलेला जबाब होता तो. मंत्रीमहोदयांनी दुपारी पत्रकारांना बोलावून अख्खी फाइल त्यांच्या हातात ठेवली होती. पडद्यावर कागद दिसत होता, नावावर काळी पट्टी मारलेली.

"नाव नाय दाखवलं," सासूबाई म्हणाल्या. मलाही क्षणभर बरं वाटलं.

पण आमच्या गिरीज गावच्या वाड्यांत नाव कशाला लागतं? आमची विहीर चार घरांत सामाईक. कोणत्या वारी कोणाच्या केळीला पाणी जाणार, हे सासऱ्यांच्या आजोबांपासून ठरलेलं, शेंबड्या पोरालाही पाठ. मंगळवार म्हटला की आमचं घर. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि ही पट्टी तर धड कोंबड्यावरही बसली नव्हती.

आमच्या वाडीला लागून बावखल आहे, म्हणजे होतं. गोड्या पाण्याचं तळं ते, त्याच्या जिवावर विहिरी टिकतात. एका बिल्डरनं शेजारची जमीन घेतली आणि बावखलात मातीचे डंपर रिकामे होऊ लागले. जुन्या मालकानं ठेवलेला वॉचमन, जव्हारकडचा सालस माणूस, एका पहाटे डंपरसमोर आडवा उभा राहिला. दोघांनी त्याला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. तो ओरडला नाही की धडपडला नाही. सासूबाई केळीच्या आडून बघत होत्या. त्यानंतर तो कोणालाच दिसला नाही. त्याची बायको दारोदार विचारत आमच्या अंगणात आली, तेव्हा सासूबाईंना राहवलं नाही, त्या पोलीस ठाण्यात जाऊन सगळं सांगून आल्या. "मावशी, हा कागद माझ्या कपाटाबाहेर जाणार नाही," असं तिथले साहेब म्हणाले होते. त्यांनी शब्द पाळलाही असेल. वरच्यांच्या कपाटांचं ते तरी काय करणार?

रविवारी नणंदेचे यजमान आले ते खुशीत. "मंत्र्यांनी बेस्ट काम केलं, वहिनी. नाहीतर फाइल दाबलीच असती. बघा, जीपवाले दोघं लगेच आत गेले."

ते खोटं नव्हतं. दोघांना खरंच उचललं होतं, आणि फाइल तोवर धूळ खात पडली होती हेही खरं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बिल्डर विरोधकांचा माणूस म्हणून फुटली फाइल. स्वतःच्या पक्षाचा असता तर तिच्यावरच भजी ठेवून खाल्ली असती. आयजीच्या जिवावर बायजी उदार. एवढी कळकळ होती तर तोच कागद कोर्टात न्यायचा, टीव्हीवर कशाला?" त्यांनी बशीत चहा ओतला. नवऱ्यानं मला डोळ्यांनी खुणावलं, हळू बोल. खिडकी उघडी होती. आमच्या घरात त्याआधी कोणी खिडकीकडे बघून बोलल्याचं मला आठवत नाही.

मंगळवारी सासूबाई विहिरीवर गेल्या आणि लगेच परत आल्या. "पानी लावलंय," म्हणाल्या. मी डबा भरता भरता सोडून त्यांच्यामागे गेले. केळीचं प्रत्येक आळं काठोकाठ भरलेलं. पाटाचं तोंड मातीनं बंद केलेलं, वर केळीच्या खोडाचं सोललेलं सोपट दाबून बसवलेलं. ही सासूबाईंची पद्धत, दुसरं कोणी तसं करत नाही. पंपाच्या खोलीला कुलूप जसंच्या तसं. बाकीच्या तिन्ही घरी विचारलं. आम्ही नाही, म्हणाले. त्यातल्या एका काकूंचं आणि सासूबाईंचं कायम वाजायचं. त्या दार धरून उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच आमच्याशी गोड बोलल्या. मला त्या गोड बोलण्याची जास्त भीती वाटली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. फोन नाही, धमकी नाही, दगड नाही. तक्रार तरी काय करायची, कोणीतरी आमच्या बागेला पाणी घालतंय? नवऱ्यानं तरीही ठाण्यात जाऊन सांगितलं. तिथला हवालदार म्हणाला, "आमच्याकडेही पाठवा त्याला." मला त्याचा राग आला नाही, एरवी मीही हसलेच असते. केळी मात्र जोमानं वाढली. सासूबाईंनी त्यातलं एकही केळं घरात येऊ दिलं नाही.

"माजा हात बघून शिकलाय कोनीतरी," एकदा त्या भाकरी थापताना म्हणाल्या. "एका दिवसात नाय शिकता येत हे."

मॅजिस्ट्रेटसमोर जबाब द्यायचा दिवस आला. तो काही मंगळवार नव्हता. मी सकाळी दार उघडलं तर पाणी पायरीला लागलेलं. अख्खं अंगण भरलं होतं. पाट कोणीतरी घराकडे वळवला होता आणि पाणी इतकं निवांत होतं की त्यात आमची खिडकी दिसत होती. मला हुंदका फुटला. सासूबाईंनी साडी वर धरली आणि त्या पाण्यातून चालत रिक्षापर्यंत गेल्या. मला वाटलं, ही बाई आता बोलणार.

कोर्टाच्या बाकावर वॉचमनची बायको आधीच येऊन बसली होती. तिची फिर्यादही त्याच फाइलीत होती, खोलीच्या पत्त्यासकट. सासूबाईंना आत बोलावलं, आम्ही दोघी शेजारी बसून वाट बघत राहिलो. सासूबाई बाहेर आल्या त्या खाली बघतच. "अंधार होता, काय दिसलं नाय, असं सांगितलं," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, पण ऐकायचं होतं तिला. तिच्या नवऱ्याला शेवटचं पाहणारं दुसरं कोणी नव्हतं. ती आता उठून शिव्या देईल असं मला वाटलं, द्याव्यात असंही वाटलं.

तिनं बाकावर सरकून सासूबाईंना जागा केली. "मावशी, तुमच्याकडे कोण आलेलं का?"

"नाय गं. कोनच येत नाय."

"माझ्याकडेही कोण नाही येत. सकाळी दाराला दुधाची पिशवी अडकवलेली असते. टीव्हीवर आलं तेव्हापासून रोज. मी दूध लावलेलंच नाही."

"मग टाकून देतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी टाकायचे," ती म्हणाली. "आता पोरांना पाजते. टाकलेलं त्या पिशवी अडकवणाऱ्यांना दिसत असेल ना."