चढावरचा बिबट्या

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एकीच्या साडीवर चहा सांडला आणि बोलणी मला खावी लागली. म्हणजे माती खाल्ली मी, बोलणीही खाल्ली मीच. असो.

मी मोर्शीला राहते. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. सासर अकोल्याचं, आणि अकोल्यात माझी मोठी नणंद राहते, शोभाताई. दातांची डॉक्टर आहे. पन्नाशी ओलांडलेली बाई, पण सायकलवर बसली की कॉलेजातली पोरगी वाटते. दर हिवाळ्यात मैत्रिणींना घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढते, आणि खाली आल्यावर दुपारी दवाखानाही उघडते.

दिवाळीत आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा मी उगाच म्हटलं, ताई, मीही चालवते हो सायकल. ताईंनी दुसऱ्या सकाळी मला पातूरच्या रस्त्यावर नेलं. सपाटीवर मी बरोबरीनं होते. चढ लागला तशी मी आधी धापा टाकल्या, मग शिव्या दिल्या, मग उतरून सायकल हातात धरून चालू लागले. ताई वर जाऊन आल्या. पुन्हा वर गेल्या, पुन्हा आल्या. तिसऱ्यांदा माझ्या बाजूनं चढता चढता त्यांनी मला दुपारच्या वांग्याच्या भाजीत तीळ घालायचे की खोबरं, ते विचारलं. मला उत्तर देण्याइतका श्वास नव्हता.

आता इथं गप्प बसायचं की नाही? पण जेवताना सगळ्या सासरच्या माणसांसमोर माझ्या तोंडून निघून गेलं, की या हिवाळ्यात मी चिखलदऱ्याचा घाट पाय न टेकवता चढून दाखवीन. सासूबाईंच्या हातातली पोळी तशीच राहिली. नवरा ताटात पाहत राहिला. ताई मात्र खूश झाल्या. दोन माणसांच्या तोंडात कवळी बसवल्यावर होतात, तितक्या.

त्या दिवसापासून फोनवर माझी शिकवणी सुरू झाली. पहिला धडा केडन्सचा. केडन्स म्हणजे मिनिटाला पायडल किती फेरे घेतं ते. मी जड गियर टाकून चढावर पाय रेटत होते, जशी बैलगाडी चिखलातून काढावी. ताई म्हणाल्या, "गियर हलका कर अन् पाय भराभर फिरव. गुडघे तुहे हायेत, किरायाचे नाहीत." मी फिजिक्सवाली. बल आणि वेग मी पोरांना वीस वर्षं फळ्यावर शिकवते आहे, पण ते माझ्या पायांना कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरा धडा स्प्रिंटचा. सीटवरून उठायचं, कोपरं वाकवायची, मान खाली घालायची, हँडल घट्ट धरून जीव काढून पायडल मारायचं. सुटायच्या आधी आणि मधूनही मागं वळून पाहायचं, एखादी गाडी येत नाही ना. आणि मन कच खाऊ लागलं, की तोंडानं मोठ्यानं स्वतःलाच हुकूम द्यायचा. ताई म्हणाल्या, "पळ, पळ, असं ओरड सोताले. मी तसंच करतो. लाजू नको, रस्त्यावर कोण ऐकते?"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

मोर्शीहून सालबर्डीकडे जाताना आतल्या बाजूला एक गाव आहे. नाव सांगत नाही, माझं तिथं अजून जाणं-येणं आहे. गाव संपलं की लगेच चढ लागतो. चढाच्या खालच्या अंगाला संत्र्याचे बगीचे, आणि वर एक वळण. वळणापलीकडे पळस, सागाची झाडी आणि नाला. सरावाला याहून चांगली जागा नव्हती. रविवारी पहाटे थंडीत मी तिथं पोचायची. हलक्या गियरवर चढायचं, वळणावर दम घ्यायचा आणि उतारावर स्प्रिंट मारायची. उतारावर पायांना भराभर फिरायची सवय लागते, असं ताईंचं म्हणणं होतं.

त्या रविवारी मी फॉर्मात होते. शेवटच्या स्प्रिंटला तर जीव ओतला. डोक्यावर हेल्मेट, डोळ्याला काळा चष्मा, अंगात पोपटी जर्सी. उभी राहून पायडल मारतेय, मागं वळून पाहतेय आणि घसा फाडून ओरडतेय, पळ, पळ, पळ. त्याच वेगात गाव ओलांडून मोर्शीकडच्या ओढ्याच्या पुलावर जाऊन थांबले. घाम थंड व्हायला लागला तसा कमरेचा स्वेटर अंगात घातला, हेल्मेट हँडलला अडकवलं आणि तोंडाला ओढणी गुंडाळली. आपल्याकडे बाया उन्हाला आणि थंडीला बांधतात तशी, नुसते डोळे उघडे. आरामात दोन पेरू खाल्ले. मग म्हटलं, आज अंगात जोर आहे, अजून एक चक्कर होऊन जाऊ दे.

गावात शिरले तर जत्रा भरलेली. बगीच्यात संत्री तोडायला आलेली माणसं रस्त्यावर येऊन बसली होती. व्यापाऱ्याचा ट्रक रिकामाच उभा. बाया पोरांना ओढून घरात कोंडत होत्या, आणि पुरुषांच्या हातात काठ्या, कुऱ्हाडी. पोलीसपाटलांनी हात आडवा करून मला थांबवलं.

"मॅडम, वर नोका जाऊ. बिबट्या हाय."

अहो, मी तासाभरापूर्वी त्याच चढावर होते. कोणी पाहिला म्हणून विचारलं, तर समजलं की सुमनबाईंनी. या सुमनबाई म्हणजे चढाला लागून असलेल्या बगीच्याच्या मालकीण. एका सायकलवाल्या पोट्ट्याच्या मागं बिबट्या लागला होता म्हणे. कोणाचं पोट्टं, कुठलं, ते कोणालाच माहीत नव्हतं. एकानं सांगितलं, पोट्ट्याचा शर्ट फाटला. दुसऱ्यानं सांगितलं, शर्टाच्या आत जे होतं तेही फाटलं. तिसऱ्याच्या मते पोट्टं आता अमरावतीला मोठ्या दवाखान्यात होतं.

मला त्या पोराची इतकी दया आली, काय सांगू. कोणाचं तरी लेकरू, सकाळी सायकल घेऊन निघालं असेल. मनात असंही आलं की अरे, म्हणजे बिबट्या आधी मला पाहत बसला असणार. मी वाचले आणि ते बिचारं सापडलं.

इथंही गप्प बसता आलं असतं. पण सगळं गाव भोवती उभं आहे, आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, ही अवस्था मास्तरकीतल्या माणसाला सहन होत नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते हे आधी सांगितलं आणि मग म्हटलं, मला वाटलंच होतं. पळसामागं काहीतरी हललं होतं.

लगेच मला वाट करून पुढं नेलं. वनरक्षक मोटरसायकलवर नुकतेच आले होते, तरणे आणि शांत गृहस्थ. त्यांनी विचारलं, नुसतं हललं की काही दिसलंही? मी आठवून पाहिलं. आणि तुम्हाला सांगते, आठवायला लागलं की आठवतं. पिवळसर होतं, मी म्हटलं. केवढं? वासराएवढं असेल. शेपटी? शेपटीबद्दल मी खात्री देऊ शकत नाही, असं मी म्हटलं. शास्त्राच्या माणसानं नको तेवढं बोलू नये.

आतापर्यंत गावात निम्म्या लोकांना शंका होती. कॉलेजच्या मॅडमनं पाहिला म्हटल्यावर ती मिटली. कोणीतरी मोबाइलवर खबर पाठवली, आणि ती मी सांगायच्या आधीच अकोल्याला पोचली. ताईंचा फोन आला, की तुह्या चढावर बिबट्या हाय म्हणे, घरी जा. मी दबक्या आवाजात म्हटलं, ताई, मी पाहिला. नणंदेला गप्प करण्याची ती माझ्या संसारातली पहिलीच वेळ. वनरक्षक बाजूला जाऊन पिंजरा तयार ठेवा असं फोनवर सांगत होते.

तेवढ्यात सुमनबाई आल्या. घाबरून घरी जाऊन बसल्या होत्या, त्यांना दोघीजणी धरून घेऊन आल्या. वनरक्षकांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, मावशी, पहिल्यापासून सांगा.

सुमनबाईंनी पदर नीट केला. "मी कुंपणापाशी होती. वरतून पोट्टं सुटलं. सायकलवर बसलं नोहतं, उभं होतं. डोक्यावर टोपल्यासारखं कायतरी, डोळ्याले काळा चष्मा, अंगात पोपटी बनियान. घडीघडी मांगं पाहे. अन् बोंबले, पळ, पळ, पळ. मले म्हणून राह्यलं ना ते, पळ म्हणून. म्या संत्र्याचं टोपलं फेकलं अन् जीव घेऊन निघाली."

"अन् बिबट्या?"

"आता त्याच्यासाठी कोण थांबते, साहेब?"

माझ्या स्वेटरच्या आत पोपटी जर्सी होती. ती मला एकदम टोचायला लागली.

एक मन म्हणालं, सायकल उचल आणि नीघ, ओढणीत तुझं तोंड कोणी पाहिलेलं नाही. पण रिकामा ट्रक दिसत होता. खोळंबलेली माणसं दिसत होती. अमरावतीहून पिंजरा निघाला असता, आणि त्यात बसायच्या लायकीचं मीच एक जनावर होते. मी ओढणी सोडली आणि म्हटलं, "ते पोट्टं मी होते."

मग पोलीसपाटील मागं वळून बायांना म्हणाले, "मॅडमले पाणी द्या. भेल्या हायेत."

मी समजावून सांगितलं. केडन्स सांगितला, स्प्रिंट सांगितली, मागं का पाहायचं ते सांगितलं. स्वतःलाच पळ म्हणायचं असतं, हेही सांगितलं. जितकं सांगत गेले, तितक्या बाया माझ्याकडे जास्त काळजीनं पाहू लागल्या. एकीनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. वनरक्षकांनी विचारलं, "मंग ते पिवळसर?"

"वाळलं गवत असेल."

"वासराएवढं?"

मी खाली पाहिलं. फिजिक्सच्या तासाला उत्तर न येणारी पोरं कशी उभी राहतात, ते मला त्या दिवशी आतून समजलं.

शेवटी वनरक्षक म्हणाले, तसं असेल तर करून दाखवा. वरून या, सकाळी आल्या तशाच. सुमनबाई पाहतील आणि सांगतील.

झालं. मी स्वेटर काढला, हेल्मेट घातलं, चष्मा लावला. पोपटी रंग पाहून गर्दीत कुजबुज झाली. अख्खा गाव चढाच्या पायथ्याशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काठ्या घेऊन उभा राहिला. माझ्याबरोबर वर कोण येणार म्हणून विचारलं, तर एकदम सगळ्यांना इकडेच कामं होती. वनरक्षकांना गर्दी सांभाळायची होती. मी एकटी निघाले.

हलका गियर, पाय भराभर. अर्ध्या चढापर्यंत ठीक होतं. मग डोक्यात आलं, की बिबट्या नाही हे ठरवलं कोणी? मी. बिबट्या आहे हे तासाभरापूर्वी सांगितलं कोणी? तेही मीच. अशा बाईच्या शब्दावर आपण एकटं वर जावं का? वळणावर पोचले, सायकल फिरवली, आणि तेवढ्यात पळसाच्या मागं सळसळ झाली. या वेळी खरंच झाली.

काय होतं ते मला आजही माहीत नाही. रानडुक्कर असेल, कुत्रं असेल, गावातली शेळी असेल. मी पाहायला थांबले नाही. पण ताईंनी फोनवर महिनाभर शिकवलेलं सगळं त्या एका क्षणात माझ्या अंगात आलं. कोपरं आपोआप वाकली, मान खाली गेली, पाय दिसेनासे झाले. पळ वगैरे काही ओरडले नाही. "आई गं" एवढंच ओरडले, पण ते थेट गावापर्यंत ऐकू गेलं.

खाली उभ्या माणसांना सगळं समजावून सांगितलेलं होतं. हे नाटक आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी माझा चेहरा पाहून अख्खा गाव पळाला. काठ्या रस्त्यावर पडल्या. पोलीसपाटील ट्रकवर चढले. ब्रेक लावून मी थांबले, तेव्हा जागेवर दोनच माणसं उभी होती, वनरक्षक आणि सुमनबाई.

वनरक्षक मोटरसायकलवरून वर जाऊन आले. माझ्या टायरच्या खुणा आणि कुत्र्याची पावलं, एवढंच होतं तिथं. पिंजरा नको म्हणून त्यांनी फोन केला. माणसं हसत हसत बगीच्यात परतली, ट्रक भरायला लागला. कोणी मला रागानं बोललं नाही. उलट पोलीसपाटलांनी चहा पाजला आणि पुन्हा याल तेव्हा आधी निरोप द्या म्हणाले.

पुढं जानेवारीत मी चिखलदऱ्याचा घाट खरंच पाय न टेकवता चढले. ताईंच्या बऱ्याच मागून, पण चढले. सासरी कौतुक झालं, सासूबाईंनी पुरणपोळी केली. मला मात्र माझी खरी परीक्षा त्या रविवारीच झाली असं वाटतं, आणि तिचा निकाल अजून माझ्या मनातून जात नाही.

कारण सगळं गाव मानलं तरी सुमनबाई मानायला तयार नव्हत्या. चहा पिताना त्या माझ्याकडे निरखून पाहत होत्या. मग मान हलवून म्हणाल्या, "नाही बाप्पा. सकाळचं ते पोट्टं तुमी नोहे."

मी म्हटलं, अहो मावशी, तीच जर्सी, तेच हेल्मेट, आता अजून काय पाहिजे?

"ते सारं बराबर हाय. पण तुमी त वाऱ्यावाणी आल्या ना आता," त्या म्हणाल्या. "ते पोट्टं बिचारं भल्लं हळू होतं. म्हणून त मले वाटलं, की बिबट्या आता धरतेच याले."